कर्नाळ्याच्या रानातील विभूतिपूजा

पनवेल तालुक्याला वीरपुरुषांची वाण कधी पडली नाही. शहर मागे टाकून गोव्याच्या हमरस्त्याने दक्षिणेस निघाले की काही मैलांतच उभ्या अंगठ्यासारखा जो काळा बसाल्टी सुळका नजरेत भरतो, तो कर्नाळ्याचा. आणि त्या सुळक्याच्या पायथ्याशी बिलगलेला किल्ला यादव, निजामशाही, पोर्तुगीज, मोगल, मराठे अशा कितीतरी अंमलांतून गेलेला आहे. १६७० साली शिवछत्रपतींच्या सैन्याने मोर्चे टप्प्याटप्प्याने पुढे सरकवीत तो हस्तगत केला आणि १८१८ साली कर्नल प्रॉथरच्या पलटणींनी त्यावर कंपनी सरकारचे निशाण चढविले. त्या अखेरच्या लढाईत किल्लेदारी अनंतराव फडक्यांकडे होती, असे परंपरा सांगते. आणि या अनंतरावांचे नातू वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म या डोंगराच्याच परिसरातील शिरढोण गावी ४ नोव्हेंबर १८४५ रोजी झाला. पुण्याच्या लष्करी हिशेबखात्यातील कारकुनी सोडून रामोश्यांच्या साह्याने इंग्रजी सत्तेविरुद्ध शस्त्र उचलणारा आणि १८८३ साली एडनच्या तुरुंगात देह ठेवणारा हा पुरुष शिरढोणकरांना आजही आपल्या घरचा वाटतो, आणि दरवर्षी ४ नोव्हेंबरला त्याच्या स्मृतीस हार चढतात.

त्याच्या दुसऱ्याच दिवशी, म्हणजे ५ नोव्हेंबरला, त्याच डोंगराच्या कुशीत एका निराळ्याच विभूतीचा सप्ताह सुरू होतो. या विभूतीने राज्य जिंकले नाही, पंथ काढला नाही, तुरुंगही भोगला नाही; तिने आयुष्यभर पाखरे पाहिली, आणि जे पाहिले ते तारीखवार लिहून ठेवले. १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा जन्मदिवस, आणि ५ नोव्हेंबर हा मराठीतील अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांचा. या दोन तारखांमधला काळ ‘पक्षी सप्ताह’ म्हणून पाळावा, असा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२० साली केला; राज्यातील पक्षिमित्र मंडळी तो आपल्या परीने त्याआधीपासूनच पाळीत होती. दोन जयंत्यांची मोट बांधून सप्ताह करण्याची कल्पना कोणा सरकारी टिपणीत प्रथम उमटली की कोणा पक्षिमित्राच्या मनात, हा प्रश्न गौण आहे. एका शास्त्रज्ञाच्या आणि त्याचे ऋण मानणाऱ्या एका लेखकाच्या वाढदिवसांमधले अंतर सरकारदरबारी सणाच्या योग्यतेचे ठरले, ही घटना मात्र आपल्या विभूतिपूजेच्या इतिहासात नवी आहे, आणि तिचा थोडा विचार करणे अगत्याचे आहे.

विभूतिपूजा या विषयावर युरोपात ज्याचा शब्द प्रमाण मानला गेला, त्या टॉमस कार्लाइलने १८४० साली लंडनमध्ये सहा व्याख्याने दिली. त्यांत देव झाला, प्रेषित झाला, कवी, धर्मोपदेशक, साहित्यिक आणि राजा झाला, परंतु शास्त्रज्ञाला त्या सहा आसनांपैकी एकही मिळाले नाही. ज्या देशात न्यूटन होऊन गेला त्या देशातील ही गोष्ट आहे, हे लक्षात घेतले म्हणजे आमच्या पूर्वजांना दोष देण्याचे कारण उरत नाही. आमच्याकडे १८९६ साली लोकमान्यांच्या प्रेरणेने रायगडावर शिवोत्सव झाला. तो रायगड त्या वेळी कुलाबा जिल्ह्यात होता, आणि त्याच्या तेराच वर्षे आधी पनवेल तालुका ठाण्यातून काढून त्याच कुलाबा जिल्ह्यास जोडलेला होता. जयंतीउत्सवांचा जो शिरस्ता तेव्हापासून महाराष्ट्रात रूढ झाला, त्यात मिरवणूक, पोवाडा, व्याख्यान आणि प्रसाद या चार गोष्टी ठरून गेल्या. या प्रकारच्या भक्तीत बुद्धी गहाण पडण्याचा धोका असतो, हे १९४३ साली पुण्यात रानड्यांच्या जयंतीच्या व्यासपीठावरूनच डॉ. आंबेडकरांनी निक्षून सांगितले. ते ऐकले पुष्कळांनी, मनावर घेतले थोड्यांनी.

शास्त्रज्ञाच्या बाबतीत हा धोका दुहेरी असतो. राजाची स्तुती अतिशयोक्त झाली तर इतिहास बिघडतो, एवढेच. शास्त्रज्ञाचा शब्द तो थोर आहे म्हणून खरा मानला, तर ज्या विद्येसाठी तो थोर ठरला तीच विद्या बुडते. सालिम अलींच्या चरित्रात हा पेच दोनदा इतक्या स्पष्टपणे उभा राहिला आहे की, त्यांच्या भक्तांनी ते दोन प्रसंग सप्ताहाच्या पहिल्याच दिवशी वाचावेत असे मला वाटते. पण त्याआधी त्यांची आणि आमच्या या कोकणपट्टीची ओळख कशी झाली, ते सांगितले पाहिजे.

सालिम अलींचा जन्म १८९६ सालचा, मुंबईचा. वाढले ते खेतवाडीत, मामांच्या घरी. घराणे तय्यबजींच्या गोतावळ्यातले, म्हणजे १८८७ साली काँग्रेसचे अध्यक्षपद भूषविणाऱ्या बद्रुद्दीन तय्यबजींच्या नात्यातले. दहा-बारा वर्षांच्या या मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला, तो कशाचा हे घरात कोणास सांगता येईना, म्हणून मामांनी चिठ्ठी देऊन त्यास बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे चिटणीस मिलर्ड यांच्याकडे पाठविले. मिलर्डसाहेबांनी पेंढा भरलेल्या पाखरांची कपाटे उघडून दाखविली, आणि एका आयुष्याची दिशा तेथेच ठरली. पुढे कॉलेज अर्धवट सुटले, ब्रह्मदेशात खाणीचा आणि लाकडाचा धंदा झाला, तो बुडाला. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयात मार्गदर्शक-व्याख्यात्याची जागा मिळाली, आणि १९२९ साली ते बर्लिनला प्रोफेसर एर्विन श्ट्रेझेमान यांच्याकडे पक्षिशास्त्र शिकावयास गेले. परत येऊन पाहतात तो पैशाच्या टंचाईमुळे वस्तुसंग्रहालयातील जागाच रद्द झालेली! पदवी नाही, नोकरी नाही, वय चौतिशीकडे झुकलेले, अशा स्थितीत हा गृहस्थ पत्नी तहमीनासह अलिबागेजवळच्या किहीम गावी समुद्रकाठच्या घरात येऊन राहिला.

बेकारीचा हा पावसाळा मराठी मुलखाला फळला. किहीमच्या त्या घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. सालिम अली आडोसा करून तासन् तास तिच्यासमोर बसले, आणि कोणता नर कोणत्या घरट्यावर कोणत्या दिवशी काम करतो, मादी केव्हा येते, काय पाहते, याची रोजच्या रोज टाचणे करीत गेले. आपल्याकडे बहिणाबाई चौधरींच्या कवितेमुळे पिलांसाठी घर विणणारी सुगरणमाउली घराघरांत पोचली आहे; ते मातृत्वाचे चित्र आहे आणि काव्य म्हणून त्याला तोड नाही. किहीमच्या वहीत उमटलेला व्यवहार मात्र भलताच निघाला. घरटे विणतो तो नर. ते अर्धे झाले की माद्या येऊन हिंडून-फिरून तपासणी करतात. एखादीला ते पसंत पडले की ती ताबा घेते, नर नळीसारखे दार विणून काम पुरे करतो, आणि अंडी-पिलांचा भार तिच्यावर टाकून हा संसारी पुरुष लगेच दुसऱ्या घरट्याचा पाया घालतो. तेथे दुसरी मादी येते. सुगरणीच्या संसाराचा हा उलगडा सोसायटीच्या नियतकालिकात १९३१ साली प्रसिद्ध झाला, आणि नोकरी गमावलेल्या या माणसाचे नाव जगभरच्या पक्षितज्ज्ञांत आदराने घेतले जाऊ लागले.

यापुढील वृत्तान्त सर्वश्रुत असल्याने त्यात फार रेंगाळत नाही. हैदराबादपासून त्रावणकोर-कोचीनपर्यंत संस्थानांच्या पक्ष्यांची पाहणी त्यांनी केली, आणि ती करताना खर्च तेवढा द्या, पगार नको, अशी बोली ठेवली. १९४१ साली ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ निघाले, १९६८ ते १९७४ या काळात डिलन रिप्ले यांच्याबरोबर दहा खंडांचा महाग्रंथ झाला, १९५८ साली पद्मभूषण आणि १९७६ साली पद्मविभूषण मिळाले. मोटारसायकलींचा त्यांना इतका षोक की, १९५० साली स्वीडनमधील उप्साला येथील पक्षिशास्त्र परिषदेसाठी त्यांनी आपली सनबीम गाडी जहाजावरून युरोपात नेली. बंदुकीचाही तिटकारा नव्हता. अभ्यासासाठी त्यांनी हजारो पक्षी टिपले आणि त्यांची कातडी संग्रहात जमा केली. आजच्या कोवळ्या मनाच्या भक्तांना हे प्रकरण अडचणीचे वाटते आणि ते वगळून चरित्र सांगण्याचा प्रघात पडत चालला आहे, तो मला पसंत नाही. ज्या संग्रहांवर आजचे संरक्षण उभे आहे ते बंदुकीशिवाय झाले नसते, हे त्यांनी स्वतः कधी लपविले नाही.

आता ते दोन प्रसंग. पहिला तरुणपणाचा. ह्यू व्हिसलर हा पंजाबात पोलीसखात्यात असलेला इंग्रज अधिकारी पक्षिविद्येत त्या काळी अधिकारी पुरुष मानला जाई. त्याच्या लेखनातील एक उणीव सालिम अलींनी सोसायटीच्या नियतकालिकात दाखवून दिली. कोण कुठला एक अपरिचित हिंदी माणूस आपली चूक काढतो, याचा व्हिसलरला राग आला आणि त्याने संपादकांना फणकाऱ्याची पत्रेही लिहिली. पण मग त्याने आपल्याजवळचे नमुने पुन्हा तपासले, चूक कबूल केली, आणि पुढे हेच दोघे जिवलग स्नेही झाले. संस्थानांच्या पाहणीतील नमुन्यांचा अभ्यास करण्यात व्हिसलरने सालिम अलींना मोलाचे साह्य केले. कपाटातील कातडे हाच जेथे शेवटचा पंच, तेथे साहेब आणि हिंदी हा भेद टिकला नाही.

दुसरा प्रसंग अधिक गंभीर, आणि त्याचा निकाल सालिम अलींच्या मृत्यूनंतर लागला. रानपिंगळा म्हणून एक लहानसे घुबड आहे. १८७३ साली त्याचे शास्त्रीय वर्णन झाले, खानदेशात शहादे-तळोद्याच्या बाजूस जेम्स डेव्हिडसन नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने त्याचे नमुने घेतले, १८८४ नंतर ते पुन्हा कोणास मिळाले नाही. अपवाद एकच. कर्नल रिचर्ड माइनर्टझागेन या प्रतिष्ठित इंग्रज पक्षितज्ज्ञाने १९१४ साली तापीकाठच्या मांडवी येथे आपण एक रानपिंगळा मारल्याचे नोंदविले होते. हाच कर्नल १९३७ साली सालिम अलींबरोबर अफगाणिस्तानच्या सफरीवर होता. त्याने रोजनिशीत सालिम अलींविषयी खवचट मजकूर लिहिला, तो हाती आल्यावर सालिम अलींनी आपल्या १९८५ च्या आत्मचरित्रात स्वतःच छापून टाकला. पण त्याच्या रानपिंगळ्याच्या नोंदीविषयी तेव्हा संशय घेतला गेला नाही. १९७० च्या दशकात रिप्ले आणि सालिम अली यांनी रानपिंगळ्याचा शोध घेतला. हाती काही आले नाही, आणि ही जात बहुधा नष्ट झाली असे मानले जाऊ लागले.

सालिम अली २० जून १९८७ रोजी वारले. त्यानंतर काही वर्षांनी पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षितज्ज्ञ बाईंनी ब्रिटिश संग्रहालयातील रानपिंगळ्याची कातडी एकेक करून तपासली, तेव्हा असे उघड झाले की कर्नलसाहेबांचा मांडवीचा पक्षी हा डेव्हिडसनने पूर्वी घेतलेल्या नमुन्यांपैकीच एक, संग्रहालयातून चोरलेला, नव्याने पेंढा भरून खोटी चिठ्ठी बांधलेला असा होता. ती खोटी जागा वगळून, जुन्या खऱ्या नमुन्यांच्या ठिकाणांवर भरवसा ठेवून रासमुसेनबाई आणि त्यांचे सहकारी खानदेशात आले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या रानात दिवसाढवळ्या फांदीवर बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला. एकशे तेरा वर्षांनी! पुढे तो मेळघाटात सापडला, आणि २०१४ साली मुंबईच्या उंबरठ्यावर, तानसाच्या अभयारण्यातही सापडला.

हा वृत्तान्त सालिम अलींच्या थोरवीला कमीपणा आणतो काय? मला तसे वाटत नाही. पण त्यांच्या भक्ताला तो एक कठीण गोष्ट शिकवितो, ती अशी की, एका मान्यवराच्या शब्दावर दुसऱ्या मान्यवराने विश्वास ठेवला तेथे पाखरू हरवले, आणि कोणाच्याही नावाची भीड न ठेवता जेथे चिठ्ठी आणि कातडे यांची रुजुवात झाली तेथे ते परत मिळाले. किहीमच्या वसाहतीसमोर बसलेला सालिम अली आणि ब्रिटिश संग्रहालयातील टेबलावर वाकलेल्या रासमुसेनबाई यांचा धर्म एकच होता.

आता कर्नाळ्याकडे वळू. हे रान अभयारण्य म्हणून १९६८ साली जाहीर झाले. आरंभी त्याचे क्षेत्र साडेचार चौरस किलोमीटरच्या आसपास होते, ते २००३ साली वाढवून सुमारे बारा चौरस किलोमीटर करण्यात आले. व्याघ्रप्रकल्पांच्या तुलनेने ही जमीन म्हणजे एखाद्या खेडेगावाची गायरानेच; पण केवळ पक्ष्यांसाठी म्हणून राज्याने जी राने आरंभी राखली त्यांत कर्नाळ्याचे नाव वरचे आहे, आणि मुंबईपासून ते एका सकाळच्या अंतरावर असल्यामुळे महानगरातील पक्षिनिरीक्षकांच्या कित्येक पिढ्यांनी दुर्बीण डोळ्यांस प्रथम येथेच लावली. कायद्याची भूमिकाही आधी तयार झालेली होती. सालिम अलींचे आप्त आणि सोसायटीतील सहकारी हुमायून अब्दुलअली यांच्या खटपटीतून मुंबई राज्याचा वन्यपशू व वन्यपक्षी संरक्षणाचा १९५१ चा कायदा आकारास आला होता, आणि शिकार हा खासगी षोक नसून सरकारी परवान्याचा विषय आहे, हे तत्त्व त्याने पक्के केले होते. कर्नाळ्याच्या जडणघडणीत वनाधिकारी म्हणून ज्यांचा हात लागला त्यांत मारुती चितमपल्ली हे एक. सोलापुरास १९३२ साली जन्मलेल्या, संस्कृत ग्रंथांतील पक्षिनामांचा माग काढीत आणि आदिवासींच्या तोंडून रानाची भाषा वेचीत हिंडलेल्या या अधिकाऱ्याने ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘रातवा’, ‘पक्षिकोश’ असे ग्रंथ लिहिले, २००६ साली सोलापुरातच भरलेल्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद भूषविले, आणि १८ जून २०२५ रोजी, पद्मश्री जाहीर झाल्यानंतर थोड्याच महिन्यांत, ते निवर्तले. सप्ताहाच्या एका टोकाला खेतवाडीचा मुसलमान, दुसऱ्या टोकाला सोलापूरचा मराठी लेखक, आणि मध्ये सात दिवस पाखरांचे! जातवार आणि पंथवार जयंत्या वाटून घेतलेल्या आपल्या महाराष्ट्रात ही वाटणी मला फार समाधान देते.

सप्ताहाच्या दिवसांत रानात शाळांची मुले येतात, फलक लागतात, चित्रस्पर्धा होतात. महाभृंगराज आपली लांब शेपटी मिरवीत पुढे असतो आणि त्याच्यामागे लहानमोठ्या पाखरांची टोळी कीटक वेचीत रानातून सरकत असते. हळद्या, तांबट, शामा, सर्पगरुड यांची हजेरी लागते. नशीब असेल तर सुळक्याच्या कड्यावर शाही ससाणा दिसतो. आग्या मधमाश्यांची पोळी मात्र त्याच कड्यांना लोंबत असतात, आणि तेथे आरडाओरडा करणाऱ्यांस त्या इतिहास शिकवितात. खरी गर्दी पावसाळ्याच्या तोंडाला लोटते, ती तिबोटी खंड्यासाठी. चिमणीहूनही लहान वाटणारा, जांभळ्या-नारिंगी-निळ्या रंगांचा हा खंड्या मृगाबरोबर येथे येतो, ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बीळ करून पिले वाढवितो, आणि लांब नळीचे कॅमेरे घेतलेल्या माणसांच्या रांगा त्या दरडीसमोर तळ ठोकतात. छायाचित्र हा पुरावाच आहे, त्यास मी नावे ठेवीत नाही. परंतु ज्या छायाचित्राखाली तारीख नाही, स्थळ नाही, वेळ नाही, पाखरू काय करीत होते याची एक ओळ नाही, ते घरच्या भिंतीवर शोभेल. सालिम अलींच्या नावाने त्याची पूजा बांधण्यात अर्थ नाही. आणि बिळापासून हटावयास तयार नसलेल्या माणसांमुळे चोचीत भक्ष्य धरून ताटकळणारा नर फांदीवर बसून राहिला, तर तो सालिम अलींचा नव्हे, माइनर्टझागेनचा वारसा झाला.

सालिम अलींच्या नावाची स्मारके आता पुष्कळ झाली आहेत. गोव्यात चोडण बेटावर त्यांच्या नावाचे अभयारण्य आहे, कोइमतूरला संस्था आहे, छत्रपती संभाजीनगरात सरोवर आहे, पुण्यात येरवड्यास नदीकाठचा पट्टा आहे. एका दुर्मीळ वटवाघळालाही त्यांचे नाव मिळाले आहे. कर्नाळ्याला त्यांचे नाव नाही, आणि द्यावे असे मला मुळीच वाटत नाही. नाव दिल्याने एखादे रान सुरक्षित झाल्याचे मला तरी माहीत नाही. कर्नाळ्याभोवतीचा मुलूख आज दर वर्षी ओळख बदलीत आहे. पनवेलची नगरपालिका १८५२ इतकी जुनी, ती २०१६ साली महापालिका झाली, डोंगर उतरवून विमानतळ उभा राहिला, आणि गोव्याचा रस्ता अभयारण्याच्या अंगावरून रुंद होत गेला. या बदलात कोणती पाखरे टिकली, कोणती सरली, कोणती नव्याने आली, हे उद्या कोणी विचारील तेव्हा त्याला भाषणे उपयोगी पडणार नाहीत, नोंदी पडतील. आणि वीस वर्षांची सलग नोंद एका माणसाने ठेवली तरी तिच्यापुढे कोणत्याही स्मारकाची किंमत उणी आहे.

म्हणून पनवेलकर वाचकांस एवढीच विनंती की, येत्या नोव्हेंबरात ४ तारखेला शिरढोणास जाऊन वासुदेव बळवंतांच्या स्मारकास वंदन करावे, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे वही, शिसपेन्सिल व असल्यास दुर्बीण घेऊन कर्नाळ्याच्या रानात शिरावे. आसपासच्या कातकरी-ठाकर वाड्यांतील एखादा जाणता माणूस बरोबर असेल तर फारच उत्तम. त्याच्या कानाला जे ऐकू येते ते ग्रंथांत क्वचित असते. दिसलेल्या प्रत्येक पक्ष्यापुढे तारीख, वेळ, स्थळ आणि संख्या लिहावी, ओळख पटली नाही तर तसे स्वच्छ नमूद करावे, आणि ही खानेसुमारी पक्षिमित्र मंडळींच्या स्वाधीन करावी. आपली नोंद सालिम अलींच्या ग्रंथाशी जुळली नाही तर ती खोडू नये. पुन्हा जाऊन पाहावे, आणि तरीही जुळली नाही तर तशीच पाठवावी.